एकाच माणसाची तक्रार

एस.टी.च्या आगारात शंभर प्रवाशांनी आसने फाटल्याची तक्रार केली आणि एका चालकाने ब्रेक नीट लागत नसल्याचे लिहून दिले, तर आगारप्रमुखाने आधी कोणता कागद वाचावा? उत्तर शाळकरी पोरही देईल. पण संगणकाच्या जगात हे उत्तर चुकले आणि त्याची किंमत भलत्यांनाच मोजावी लागली.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची १८०९ या क्रमांकाची आवृत्ती बाहेर काढली. आठवडा उलटायच्या आत तिचे वितरण थांबवावे लागले. ती बसवल्यावर काहींच्या संगणकावरील कागदपत्रे व छायाचित्रे नाहीशी झाली होती. अशा तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच आहेत, असे कंपनीने सांगितले. पण ज्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो गेले, त्याचे या हिशेबाने काय समाधान होणार?

मुळात झाले होते असे. अनेकजण जागा वाचवण्यासाठी आपल्या कागदपत्रांचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवतात. त्याआधीच्या आवृत्तीत अशा वेळी जुन्या जागी एक रिकामे जोडफोल्डर दिसू लागले. लोकांनी कुरकुर केली, म्हणून नव्या आवृत्तीत ते पुसून टाकण्याची व्यवस्था केली गेली. मात्र काहींच्या जुन्या फोल्डरमध्ये फायली तशाच राहिल्या होत्या. रिकामे समजून त्यांच्यावरही बोळा फिरला.

दुःखाची गोष्ट ही, की ही चूक आधी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती असे नाही. अप्रकाशित आवृत्त्या वापरून पाहणाऱ्या हौशी परीक्षकांची मोठी फौज कंपनीने २०१४ पासून उभी केली होती. त्यांच्यापैकी काहींनी फायली गेल्याचे कित्येक आठवडे आधी कळवलेही होते. परंतु तेथे एकाच्या तक्रारीला इतरांनी दुजोरा दिला की ती वर सरके. हा अनुभव मोजक्यांनाच आलेला, त्यामुळे दुजोरे थोडे. तक्रार ढिगाऱ्याखाली राहिली.

यात परीक्षकांनीही शिकण्यासारखे आहे. 'चालत नाही, लक्ष घाला' एवढ्याने दुरुस्त करणाऱ्याला काहीच उमगत नाही. आवृत्तीचा क्रमांक कोणता, कोणत्या क्रमाने काय केले, काय होणे अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले आणि तसेच केल्यावर पुन्हा तेच होते का, एवढे लिहिले की निम्मे काम झाले. नुकसान किती, हे तर पहिल्याच ओळीत हवे. शिवाय कच्ची आवृत्ती वापरायची ती जादा संगणकावर, आणि फायलींची प्रत वेगळी ठेवूनच.

दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी आली. तक्रार किती गंभीर आहे, हे परीक्षकाने स्वतः नोंदवावे अशी सोयही कंपनीने केली. सोय चांगलीच. पण रकाना भरणारा जसा प्रामाणिक हवा, तसा तो वाचणाराही जागा हवा. किती जणांनी सांगितले हे यंत्र मोजू शकते. एकट्यानेच सांगितलेली गोष्ट किती मोठी आहे, हे ओळखायला मात्र कोणीतरी ती शेवटपर्यंत वाचावी लागते.