विश्लेषण : दीड हजारांच्या इअरफोनचा आवाज चांगला आहे, हे ओळखायचे कसे?

बुधवार पेठेतील तापकीर गल्ली असो की मोबाइलवरचे शॉपिंग अ‍ॅप, दीड-दोन हजार रुपयांत इन-इअर इअरफोन घ्यायचा म्हटले की पर्यायांची कमतरता नाही. खोक्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ असते, ‘हाय-रेस’ असते, ड्रायव्हर किती मिलिमीटरचा तेही असते. नसते ते एवढेच, की आवाज कसा आहे. कानात घालून पाहण्याची सोय सहसा मिळत नाही. कानात गेलेली वस्तू पुढच्या ग्राहकाला कशी विकायची, हा दुकानदाराचा प्रश्नही खोटा नाही. ऑनलाइन अभिप्रायांत पाच तारे कशासाठी दिलेत ते वाचावे, तर बॅटरी आणि वेळेवर आलेल्या पार्सलसाठी. तरीही कोणतेही यंत्र न वापरता, घरच्या घरी अर्ध्या-पाऊण तासात इअरफोनची बरीच पारख करता येते.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

जवळपास प्रत्येक खोक्यावर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे छापलेले असते. माणसाचा कान साधारण एवढीच पट्टी ऐकतो, त्यामुळे वाचायला बरे वाटते. पण या पट्टीतला कोणता सूर किती जोरात ऐकू येतो, हे त्यात नसते. २० हर्ट्झचा सूर मधल्या सुरांपेक्षा २० डेसिबलने दबलेला असला, तरी हाच आकडा छापता येतो. थोडक्यात, हा आकडा दोन इअरफोनची तुलना करायला निरुपयोगी आहे.

ड्रायव्हरचा आकारही तसाच. १३ मिलिमीटरचा पडदा १० मिलिमीटरपेक्षा चांगला वाजेलच असे नाही; पडद्याचे साहित्य, मागची हवेची जागा आणि पुढची नळी यांवर ते ठरते. ‘हाय-रेस ऑडिओ’चे सोनेरी बोधचिन्ह जपान ऑडिओ सोसायटीचे. त्यासाठी उपकरण ४० किलोहर्ट्झपर्यंत चालावे लागते, म्हणजे माणसाला ऐकू येते त्याच्या दुप्पट. बीआयएसचा नोंदणी क्रमांक वायरलेस इअरफोनवर असायलाच हवा, पण तो विद्युत सुरक्षेचा असतो. आवाजाच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही.

जास्त पैसे म्हणजे चांगला आवाज?

याचे मोजून दिलेले उत्तर उपलब्ध आहे. २०१७ मध्ये जेरोएन ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनच्या मोजमापांची त्यांच्या किमतीशी सांगड घालून पाहिली. कोणता सूर किती जोरात वाजतो याचा आलेख आणि किंमत यांत काही नाते सापडले नाही. महाग हेडफोनमध्ये बांधणी, आराम, माइक, आवाज रोखण्याची क्षमता यांचे पैसे असतात आणि ते वायाच जातात असे नाही. पण सुरांचा समतोल स्वस्तातही मिळू शकतो.

मग महागडा इअरफोन घालताच आवाज चांगला का वाटतो? १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीतील कर्मचाऱ्यांनाच स्पीकर ऐकवले. आधी समोर दिसत असताना आणि मग पडद्याआड ठेवून. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरला भरघोस गुण मिळाले. पडदा टाकल्यावर ती तफावत बरीच आटली. हे सगळे ध्वनीच्या धंद्यातलेच लोक होते. तेव्हा घरी दोन इअरफोनची तुलना करताना डोळे मिटावेत आणि अदलाबदल दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगावी.

आणखी एक सापळा आवाजाच्या पातळीचा आहे. एकाच गाण्याची पातळी डेसिबलभराने वाढवली, तर ते ‘मोठे’ नव्हे तर ‘चांगले’ वाटते. दुकानात जो इअरफोन जोरात वाजतो तो खपतो, त्याचे कारण हेच. म्हणून तुलना करताना आधी दोन्हींवर एकाच गायकाचा आवाज समान पातळीवर आणून घ्यावा आणि मगच मत बनवावे.

‘चांगला आवाज’ ही ज्याची त्याची आवड नाही का?

काही प्रमाणात आहे. पण ती वाटते तेवढी विखुरलेली नाही. ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी नंतरच्या काळात हेडफोनवर अशाच आंधळ्या चाचण्या घेतल्या. बहुसंख्य श्रोते एकाच प्रकारच्या समतोलाकडे वळले : खालचे सूर थोडे उचललेले, मधले स्वच्छ, वरचे हळूहळू उतरत गेलेले. काहींना त्याहून जास्त बेस हवा होता, काहींना कमी. यातूनच ‘हरमन टार्गेट’ म्हणून ओळखला जाणारा आलेख आला आणि आज अनेक कंपन्या त्याच्या आसपास इअरफोन बसवतात.

इन-इअरमध्ये कानाच्या रचनेचीही अडचण असते. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप वाढवते. माणसाच्या बोलण्याची स्पष्टता याच भागात असते. इअरफोनने नळीचे तोंड बंद केले की ही नैसर्गिक वाढ बिघडते, म्हणून ती इअरफोनमध्येच भरून द्यावी लागते. स्वस्त मालात इथेच चुकते. वाढ कमी पडली तर गायक पडद्यामागे उभा राहिल्यासारखा वाटतो. जास्त झाली तर तोच आवाज पत्र्यावर आपटल्यासारखा येतो.

पारख सुरू करण्यापूर्वी काय करावे?

टिप्स बदलून पाहाव्यात. खोक्यात सिलिकॉनच्या लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या असतात आणि बहुतेक जण आधीच लावलेली मध्यम जोडीच कायम ठेवतात. कान आणि टिप यांच्यात बारीक फट राहिली, तरी खालच्या सुरांची पातळी १०-२० डेसिबलने कोसळू शकते. ‘याला बेसच नाही’ म्हणून परत पाठवलेले कित्येक इअरफोन असे फटीतून गळत असतात. गाणे चालू ठेवून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. बेस एकदम वाढला, तर टिप लहान पडते आहे. दोन कानांना दोन वेगवेगळ्या मापांच्या टिप्स लागणे अगदी सामान्य आहे.

दुसरे, अ‍ॅपमधील ‘डेटा सेव्हर’ बंद करावा आणि फोनचे इक्वलायझर, ‘सराउंड’ वगैरे सारे प्रकार शून्यावर आणावेत.

कोणते संगीत लावावे?

जे सवयीचे आहे ते. इंग्रजी समीक्षकांच्या यादीतली गाणी लावून उपयोग नाही, कारण ती मुळात कशी वाजतात हेच माहीत नसते. १९५३ पासून ‘सवाई गंधर्व’ भरवणाऱ्या पुण्यात तर यापेक्षा चांगले साधन हाताशी आहे : तंबोरा.

पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल, तर तंबोऱ्याची जोडाची तार साधारण १३९ हर्ट्झला आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला वाजते. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी लागली, की त्या एका तारेतून वरचे असंख्य स्वर सुटतात. सी. व्ही. रामन यांना या वाद्याने एवढे बुचकळ्यात टाकले होते, की १९२१ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांना एरवी जिथे स्वर उमटू नयेत तिथेही ते सापडत होते. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कारागिरीसाठी.) इअरफोनच्या दृष्टीने मुद्दा असा, की एका छेडीत खालपासून वरपर्यंतची सगळी पट्टी तपासून होते. चांगल्या इअरफोनमध्ये खर्जाचा भार जाणवतो आणि त्याच वेळी वरचा झंकार हळूहळू रंग बदलताना ऐकू येतो. बेस फुगवलेल्या इअरफोनमध्ये नुसती ‘हूं’ राहते, झंकार मरतो. वरचे सूर चढे असतील, तर डास गुणगुणल्यासारखे होते आणि पाच मिनिटांत कान थकतो.

त्यानंतर तबला. डग्ग्याचा घुमारा आणि चाटेचा टणत्कार हे दोन टोकांचे ध्वनी ‘धा’ या एका बोलात एकत्र येतात. ते दोन्ही वेगवेगळे कळतात का, ते पाहावे. मग द्रुत लय लावावी. ‘तिरकिट’, ‘धिरधिर’ यांची अक्षरे सुटी ऐकू आली पाहिजेत. डग्ग्याची आस मागे रेंगाळून पुढच्या अक्षरावर सांडत असेल, तर बेस ‘भरपूर’ आहे, पण ‘चांगला’ नाही. या एका कसोटीवर ‘एक्स्ट्रा बेस’वाले बरेच इअरफोन नापास होतात.

तिसरी चाचणी मराठी बातमीपत्राची किंवा पॉडकास्टची. ‘स’, ‘श’ आणि दंततालव्य ‘च’ यांची घसघस ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास असते. ‘सातशे सदुसष्ट’ किंवा ‘चमचाभर’ ऐकताना कानाला टोचत असेल, तर त्या भागात उंच टोक आहे. गाण्यात ते ‘क्लॅरिटी’ म्हणून खपून जाते, बोलण्यात लपत नाही.

शेवटी डाव्या-उजव्या बाजूचा समतोल. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू केले, की निवेदकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवा. तो एका बाजूला कलला, तर शक्य असल्यास इअरफोन उलटसुलट कानात घालून पाहावेत. कल बाजू बदलला, तर दोष इअरफोनचा. तो त्याच बाजूला राहिला, तर दोष टिपचा किंवा कानातल्या मळाचा. तो इअरबडच्या काडीने नव्हे, डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

एक सूचना मात्र हवी. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर ही पारख करू नये. ७८ आरपीएमच्या तबकड्यांत खालचे आणि वरचे सूर मुळातच थोडे आहेत, त्याचे खापर इअरफोनवर फोडण्यात अर्थ नाही.

वायरचे घ्यावे की ब्लूटूथचे?

निव्वळ आवाज हवा असेल, तर या किमतीत वायर. दीड हजारांच्या ब्लूटूथ जोडीत दोन बॅटऱ्या, चिप, माइक, अँटेना आणि चार्जिंगची डबी, एवढे सगळे बसवायचे असते. वायरच्या इअरफोनमध्ये तेच पैसे पडदा आणि त्याच्या घरट्यावर जातात. केझेड, मूनड्रॉप, टँगझू अशा चिनी कंपन्यांचे हजार ते अडीच हजारांतले इअरफोन म्हणूनच हौशी श्रोत्यांत लोकप्रिय झाले. फोनला जॅक नसेल, तर टाइप-सीचा छोटा अ‍ॅडॉप्टर लागतो.

ब्लूटूथच घ्यायचे, तर कोडेकच्या नावांवर फार झोप उडवू नये. सगळ्यांत असतो तो एसबीसी सुमारे ३२८ केबीपीएसपर्यंत जातो, एलडीएसी ९९० पर्यंत. पण टिपची फट आणि सुरांचा असमतोल यांनी पडणारा फरक याहून कितीतरी मोठा असतो. ऑफिसची मीटिंग सुरू होताच गाण्याचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा का होतो, याचेही कारण साधे आहे : माइक चालू झाला, की ब्लूटूथ साधारणपणे संगीताची वाट सोडून कॉलच्या अरुंद वाटेवर जाते. त्यात इअरफोन बिघडलेला नसतो.

बसमध्ये आवाज वेगळा का वाटतो?

घरी समतोल वाटलेला इअरफोन पीएमपीच्या बसमध्ये फिका पडतो. इंजिनाची घरघर खालच्या सुरांची असते आणि ती गाण्यातला बेस झाकून टाकते. कंपन्या बेस फुगवतात त्यामागे हा व्यवहार आहे. त्यांचा ग्राहक बहुतेक वेळ प्रवासातच ऐकत असतो. एएनसी याच सलग घरघरीवर चालते. हॉर्न आणि शेजारच्याच्या गप्पा त्याने फारशा थांबत नाहीत, तिथे नीट बसलेली टिपच कामी येते. दुचाकीवर यातले काहीच वापरू नये.

टिप सैल आणि बस गोंगाटी असेल, तर हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास उरतात आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे. सीओईपीचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात, तो अनेक वर्षे १०० डेसिबलच्या आसपास किंवा वर गेला आहे. पूर्ण व्हॉल्यूमवरचा इअरफोन त्या पातळीच्या जवळ सहज जातो. फरक एवढाच, की मिरवणुकीची तक्रार करता येते. घट्ट बसणाऱ्या टिपमुळे व्हॉल्यूम दोन-तीन पायऱ्या खाली आणता येतो.

पसंत पडला नाही तर?

आधी इक्वलायझर वापरून पाहावा. टोचणारा ‘स’ ६ ते ८ किलोहर्ट्झची पट्टी ३-४ डेसिबलने खाली आणल्यास बहुधा सुधारतो. बेस जास्त असेल, तर तो कमी करावा. त्याला झाकायला वरचे सूर वाढवू नयेत. एका बाजूला कललेला आवाज आणि घरघरणारा पडदा मात्र सेटिंगने सुटत नाहीत, तो बदलून घेण्याचा माल आहे. कानात घालायच्या वस्तू अनेक विक्रेते ‘आवडले नाही’ म्हणून परत घेत नाहीत, फक्त दोष असेल तर बदलून देतात आणि तेही मोजक्या दिवसांत. म्हणून तंबोरा, तबला आणि बातमीपत्र या तिन्ही चाचण्या खोके उघडले त्याच संध्याकाळी उरकाव्यात, आणि ते खोके व पावती मुदत संपेपर्यंत टाकू नयेत.