जबड्याचा सांधा आणि रुग्णाची फरफट

दोन्ही कानांच्या जरा पुढे बोटे ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली जो उंचवटा हलतो, तो खालच्या जबड्याच्या हाडाचा माथा. तो आधी बिजागरीसारखा फिरतो, मग पुढे घसरतो. मध्ये एक तंतुमय चकती असते. ती जागेवरून सरकली की ‘कट्’ असा आवाज येतो. नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. दुखत असेल किंवा तोंड अडकत असेल तर लागतात.

माझे दुखणे कानात सुरू झाले. कडकोळहून म्हैसूरला जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवले. कान स्वच्छ होता. मग अक्कलदाढ काढली गेली. दुखणे तसेच. पुढे मानेचा एक्स-रे झाला आणि शेवटी ‘सर, ताण घेऊ नका’ हा सल्ला मिळाला. सांध्यावर बोट दाबून पाहणारे डॉक्टर भेटेपर्यंत दीड वर्ष गेले.

असे का होते? सांध्याला आणि कानाच्या पुढच्या भागाला संवेदना पुरवणारी चेतातंतूची शाखा एकच आहे, म्हणून सांध्याची कळ कानात जाणवते. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते. चकती आणि स्नायू दिसत नाहीत. एमआरआयमध्ये चकती दिसते, पण सरकलेली चकती अजिबात न दुखणाऱ्यांमध्येही सापडते. त्यामुळे निदान मुख्यतः रुग्णाचे बोलणे ऐकून आणि हाताने तपासून करावे लागते. तिथेच गाडे अडते, कारण ‘रिपोर्ट नॉर्मल’ आला की रुग्णावरचा विश्वास कमी होतो. ताणाने दात आवळले जातात हे खरेच, पण तेवढे सांगून घरी पाठवणे हा उपचार नव्हे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक प्रकरण नीट समजून घ्यावे. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीने टेफ्लॉनचा थर असलेली कृत्रिम चकती बनवली. आधीपासून बाजारात असलेल्या वस्तूसारखीच ती आहे, या आधारावर तिला १९८३ मध्ये विक्रीची परवानगी मिळाली. टेफ्लॉन गुळगुळीत असते, म्हणून कल्पना पटण्यासारखी वाटते. पण चावताना येणाऱ्या दाबाखाली ते झिजले, त्याचे कण सुटले, शरीराच्या पेशी त्या कणांवर तुटून पडल्या आणि शेजारचे हाडही खाल्ले गेले. हजारो रुग्णांना ती बसवली गेली होती. तिथल्या औषध प्रशासनाचा धोक्याचा इशारा १९९० च्या अखेरीस आला. त्याआधीच, १९८६ मध्ये, मिलवॉकीत टेरी काउली या रुग्ण महिलेने पुढाकार घेऊन रुग्णांची संघटना उभी केली होती.

२०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या अहवालानेही मान्य केले की हे दुखणे दंतवैद्यक आणि वैद्यक यांच्या मधल्या फटीत पडते, आणि घाईने केलेल्या आक्रमक उपचारांनी काहींचे नुकसान झाले आहे. म्हणून कोणी पहिल्याच भेटीत दात घासून चावा बदलू किंवा शस्त्रक्रिया करू म्हणाले, तर दुसरे मत घ्यावे. बहुतेकांना शेक, हलका व्यायाम, वेदनाशामक आणि मऊ आहार एवढ्यावर आराम पडतो.

जाताना वहीत लिहून न्या: कधीपासून दुखते, सकाळी जास्त की जेवताना, तोंडात उभी तीन बोटे मावतात का. मला त्या काळात आमच्या मेसमधले नाचणीचे मुद्दे उपयोगी पडले. ते इकडे चावत नाहीत, सारात बुडवून गिळतात.