नागाताचोच्या उंचवट्यावरील संसद

टोकियोतील सम्राटांच्या राजवाड्याच्या नैर्ऋत्येस, नागाताचोच्या उंचवट्यावर, पायऱ्यापायऱ्यांच्या शिखराची जी ग्रॅनाइटची भव्य वास्तू उभी आहे, ती जपानची संसद होय. हिबिया येथील १८९० चे लाकडी सभागृह अवघ्या दोन महिन्यांत भस्मसात झाले; कायमच्या इमारतीची पायाभरणी व्हावयास १९२० साल उजाडले आणि काम तडीस जावयास १९३६ चा नोव्हेंबर. देशी मालाचा आग्रह एवढा की रंगीत काचा, दारांची कुलुपे अशा मोजक्याच जिनसा परदेशांतून आल्या. पण वास्तुशांतीची घटका मात्र अशुभ होती, कारण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बंडखोर सैनिकांनी अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांच्यासह राज्याच्या धुरिणांची हत्या करून याच परिसराचा कबजा घेतला होता.

मध्यवर्ती दालनात १९३८ साली, मेईजी राज्यघटनेच्या पन्नाशीनिमित्त, तीन ब्राँझचे पुतळे बसवले गेले: १८७४ मध्ये लोकनियुक्त सभेसाठी सरकारदरबारी अर्ज गुदरणारे ईतागाकी ताईसुके, इंग्लंडच्या धर्तीवरील पक्षीय राज्यकारभाराचा पुरस्कार करणारे ओकुमा शिगेनोबु, आणि ज्यांच्या मसुद्याने सारी सत्ता सम्राटाच्या ठायी एकवटली ते ईतो हिरोबुमी. हयातीत एकमेकांशी झगडलेली ही माणसे येथे एका छताखाली आहेत. मात्र ज्या वर्षी त्यांचे पुतळे उभे राहिले, त्याच वर्षी याच सभागृहांनी राष्ट्रीय जमवाजमवीचा कायदा संमत करून आपला अधिकार सरकारच्या हवाली केला, आणि १९४० मध्ये चीनमधील युद्धाबद्दल जाब विचारणाऱ्या साईतो ताकाओ यांना सदस्यत्वास मुकावे लागले. त्या वर्षअखेरीस एकही राजकीय पक्ष शिल्लक नव्हता.

चौथा चौथरा रिकामा आहे. राजकारण कधीच पूर्ण होत नाही, हे सुचवण्यासाठी तो तसा ठेवला, असे सांगण्याची वहिवाट आहे. मला ते नंतर सुचलेले सुभाषित वाटते. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत पंधरा येन कर भरणाऱ्या पंचविशीपुढील पुरुषांनाच, म्हणजे शेकडा एक प्रजेला, मत होते. १९२५ च्या कायद्याने कराची अट गेली, स्त्रिया तरीही बाहेरच राहिल्या. महायुद्धातील पराभवानंतर, १० एप्रिल १९४६ रोजी, त्यांनी प्रथमच मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. त्या चौथऱ्यावर कोणाचा हक्क असेल, तर तो त्यांचा.

१९४७ पासून अंमलात असलेल्या घटनेने संसदेस राज्यसत्तेचे सर्वोच्च अंग ठरवले. वरिष्ठ सभागृहातील सम्राटांचे आसन तेवढे जागच्या जागी आहे, आणि अधिवेशनाचे उद्घाटन ते आजही तेथूनच करतात.