फिरत्या घरांतील शीतपेटी

युरोप-अमेरिकेंतील मोटारगृहांत गॅसवर चालणारी शीतपेटी निवेनाशी झाली, कीं मालक यंत्राला दोष देतो. कित्येकदां दोष गाडी उभी केलेल्या जागेचा असतो. प्लाटेन व मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं काढलेल्या या युक्तींत हलणारा एकहि भाग नाहीं. उष्णतेनें अमोनिया पाण्यापासून सुटतो, द्रव होतो, हायड्रोजनच्या सहवासांत बाष्परूप होऊन थंडावा देतो व पुन्हां पाण्यांत विरून आपल्याच भारानें खालीं उतरतो. गाडी फार वेळ तिरपी राहिली, तर द्रव नळींत अडतो आणि खालचें पात्र कोरडें पडून भाजतें. म्हणून आधीं पाणसळ लावावी.

मग पेटी गॅसवर व विजेवर आळीपाळीनें चालवावी. धीर मात्र हवा, निवण्यास तिला कित्येक तास लागतात. एका रीतीनें निवली व दुसरीनें नाहीं, तर बिघाड बर्नरचा किंवा विजेच्या तापकाचा. तो सहज बदलतां येतो. पण मागें पिंवळा थर वा अमोनियाचा उग्र दर्प असेल, तर पेटी तत्काळ बंद करून खिडक्या उघडाव्या. नळ्यांत दाबाखालीं हायड्रोजन असतो. घरगुती झाळकाम येथें जिवावर बेतेल. शीतसंच बदलावाच लागतो. नवा बसवितांना मागचे झरोके मोकळे ठेवावे, आणि गॅसचा सांधा साबणाच्या पाण्यानें तपासावा, काडी ओढून नव्हे.