मेथीच्या गठ्ठ्यातली वजाबाकी

आठवड्याच्या बाजारात तुमच्या शेजारी बसणारं चौथीतलं पोर आठ रुपयांच्या सात जुड्यांचे छप्पन रुपये झटकन सांगतं आणि शंभराची नोट मिळाली की चव्वेचाळीस परत देतं. तेच पोर शाळेत १०० वजा ५६ मांडलं की अडतं. आपण म्हणतो, डोक्यात शिरत नाही. खरं तर बाजारात त्याला जुडी दिसते, गिऱ्हाईक दिसतं. फळ्यावर नुसते आकडे.

हातच्याचंच घ्या. सखूआजीने मेथीच्या दहा-दहा जुड्यांचे चार गठ्ठे बांधले, दोन जुड्या सुट्या उरल्या. पहिलंच गिऱ्हाईक आलं, सात मागतंय. सुट्या तर दोनच! आता आजी काय करील? इथे थांबा, उत्तर सांगू नका. पोरच म्हणेल, ‘एक गठ्ठा सोडायचा.’ सोडला, सुट्या झाल्या बारा. सात दिल्या, पाच राहिल्या आणि गठ्ठे तीन. म्हणजे पस्तीस. ४२ वजा ७ मधला हातचा तो हाच. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गठ्ठे आणि सुट्या जुड्या काढून घ्या, सुटलेल्या गठ्ठ्यावर काट मारा, शेजारी आकडे लिहा. झालं चित्रांचं पुस्तक! गुणाकाराला आपल्या जिल्ह्यात केळीचा घड आहेच. फण्या किती, एका फणीत केळी किती?

हे काही नवीन खूळ नव्हे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ इ.स. ११५० च्या सुमाराची. त्यात खांबावरचा मोर बिळाकडे निघालेल्या सापावर झेप घेतो. पाण्यावर अर्धा हात वर असलेलं कमळ वाऱ्याने दोन हात सरकून बुडतं आणि विचारलंय, तळं किती खोल? (उत्तर पावणेचार हात.) त्यांचा ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला. त्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यात, पाटणला आहे.

छापील पुस्तकंही आता मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, मोबाइल पुरे. मात्र पोराच्या हाती मोबाइल देऊन मोकळं होऊ नका. शेजारी बसा. पानावर कोंबडीची पिल्लं दिसली की ‘किती?’ एवढंच विचारा. उत्तर चुकलं तर रागावण्याआधी ‘कसं काढलंस?’ हे विचारा, म्हणजे चूक कुठे झाली ते कळतं. आईबापांना वाचता येत नसेल तरी बिघडत नाही, चित्र सगळ्यांना वाचता येतं. आणि पाढे सोडायचे नाहीत. गोष्टीने हिशोब समजतो, हात बसायला पाढेच लागतात.

आता गावकारभाऱ्यांसाठी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा पालकांचा असतो. पण बैठकीत बोलणं होतं ते बहुधा पत्रे, कुंपण आणि पाण्याच्या टाकीचं. पुढच्या बैठकीत गुरुजींना विचारा, शाळेत चित्रांची पुस्तकं किती आहेत आणि ती कपाटात आहेत की पोरांच्या हातात? फाटतील म्हणून कुलपात ठेवली असतील तर आधी कुलूप काढायला लावा. नवी घ्यायची असतील तर मागणी ग्रामसभेत मांडून गावाच्या विकास आराखड्यात नोंदवून घ्या.