मेथीची जुडी तशीच पडून होती

माझी मावशी तीन महिने एकच सांगत होती, "अगं, अंगात त्राणच नाही." पित्ताच्या गोळ्या झाल्या, गुडघ्यांचा एक्सरे झाला. ती रडत नव्हती. पाहुणे आले की चहा टाकायची, हसायचीही. त्यामुळे नैराश्याची शंका कोणालाच आली नाही, मलाही नाही. एका दुपारी गेले, तर वर्तमानपत्रावर मेथीची जुडी पडलेली. चार काड्या निवडलेल्या, बाकीची पानं सुकून गेलेली. "सकाळीच घेतली होती," ती म्हणाली, "कुठून सुरुवात करावी तेच कळेना."

नैराश्य म्हणजे रडणं, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. उदास वाटणं किंवा कशातच गोडी न उरणं, या दोनपैकी एक लक्षण असावंच लागतं. पण ते दुसरंही असू शकतं. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक किंवा वजन कमी-जास्त होणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा उलट जिवाची तगमग, लक्ष न लागणं, साधा निर्णय न घेता येणं, 'मी कुचकामी आहे' असं वाटणं, मरणाचे विचार. अशा 9 लक्षणांपैकी किमान 5 सलग 2 आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ दिसली आणि त्यांनी रोजचं जगणं अडलं, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. आपल्याकडे तो पुष्कळदा आधी अंगदुखी, डोकेदुखी, पोटाची तक्रार होऊन येतो.

मावशी पहाटे तीनला जागी व्हायची आणि मग डोळा लागायचा नाही. सकाळ जड जायची, संध्याकाळी थोडं हलकं वाटायचं. हे नैराश्यात बऱ्याच जणांना होतं. आम्ही सगळे तिला संध्याकाळीच भेटायचो.

पुरुषांमध्ये हाच आजार चिडचिड आणि वाढलेल्या दारूच्या आड लपू शकतो, वयात आलेल्या मुलांत तुसडेपणाच्या आड. म्हाताऱ्या माणसांत तो विसराळूपणासारखा दिसतो आणि 'वयच झालं' म्हणून सोडून दिला जातो.

"तुला कमी काय आहे?" हा प्रश्न मीही तिला विचारला होता. त्याची मला आजही खंत वाटते. या आजाराला दर वेळी बाहेरचं कारण लागत नाही. अशा प्रश्नाने आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाच्या अपराधीपणात भरच पडते. थायरॉइड मंदावलं किंवा बी-12 कमी असलं तरी अशीच लक्षणं दिसतात, म्हणून रक्त तपासावंच. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे 'काही झालेलं नाही' असा अर्थ होत नाही.

आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेलं खूळ शिरेल, ही भीतीही खोटी आहे. सरळ विचारावं: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने धोका वाढत नाही, उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. 'माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास' असं वारंवार म्हणणं, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, अचानक निरवानिरवीची भाषा, हे दिसलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालते.

औषधांची सवय लागते असं म्हणणारे बहुतेक झोपेच्या गोळ्यांशी गल्लत करतात. नैराश्यावरच्या औषधांचं तसं व्यसन लागत नाही. गुण यायला मात्र साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात. सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनानेही फरक पडतो.

'तिची इच्छा असेल तर जाईल डॉक्टरकडे' असंही घरात म्हटलं गेलं. इच्छाच तर या आजाराने नेलेली असते. म्हणून अपॉइंटमेंट मी घेतली, झोपेच्या वेळा कागदावर लिहिल्या, रिक्षा दारात आणली. मावशीला फक्त चपला घालायच्या होत्या. तेवढ्यालाही दहा मिनिटं लागली, आणि मी तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिले.