काजळी, कापूस आणि संवेदक

पूर्वी पोथ्या लिहिण्याची शाई काजळीपासून करीत, हें वडीलधाऱ्या श्रोत्यांस ठाऊक असेल. नुसती काजळी पाण्यांत मिसळत नाहीं. तिच्या गुठळ्या होतात. बाभळीचा डिंक घालून ती घोटली म्हणजे कणाकणाभोंवतीं डिंकाचें वेष्टन बसतें आणि शाई एकजीव होते. आज ज्या पदार्थाविषयीं बोलावयाचें आहे, त्यांतली युक्ति बरीचशी हीच आहे.

कापूस आणि लांकूड यांचा मुख्य घटक सेल्युलोज. १८३८ मध्यें आन्सेल्म पायें या फ्रेंच रसायनज्ञानें तो वेगळा करून दाखविला. लांकडाचा लगदा उकलीत गेलें, तर शेवटीं तीन-चार नॅनोमीटर जाडीचे धागे हातीं येतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेंतही कापसापासून नॅनोसेल्युलोज काढण्याचें कार्य झालें आहे.

या धाग्यांतून वीज वाहत नाहीं. ती वाहते कार्बनाच्या सूक्ष्म नलिकांतून. या नलिकांकडे जगाचें लक्ष वेधलें तें सुमिओ इइजिमा यांच्या १९९१ च्या निबंधानें. पण पाण्यांत त्यांच्याही काजळीसारख्याच गुठळ्या होतात. तेथें विद्युद्भारित सेल्युलोज डिंकाचें काम करतें. मिश्रण गाळून वाळविलें कीं वीज वाहणारा काळा कागद तयार! दमट हवेंत तो फुगतो, नलिकांमधील अंतर वाढतें, आणि विजेला होणारा रोध वाढतो. कागद ताणला तरी तेंच. रोध मोजावा, म्हणजे दमटपणा किंवा ताण कळतो. अशा कागदास संवेदक म्हणतात.

मात्र येथेंच अडचण आहे. बोटावर बांधलेल्या पट्टीचा रोध वाढला, तो बोट वांकल्यामुळें कीं घाम आल्यामुळें? पट्टीला तें सांगतां येत नाहीं. म्हणून तिच्यावर रबरासारखें आवरण चढवितात. मग ‘केवळ वनस्पतिजन्य’ हें बिरुद कितपत उरतें?

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही मला घाईची वाटते. सेल्युलोज मातींत कुजतें. नलिका सहजीं कुजत नाहींत. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१४ मध्यें अशा नलिकांच्या एका प्रकारास ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरविलें. भय आहे तें मुख्यतः श्वासावाटे जाणाऱ्या धुळीचें; पण फाटका कागद कोठें टाकावा, हा प्रश्न राहतोच.

यावर एक निराळी वाटही निघाली आहे. अमेरिकेंतील राइस विद्यापीठांत २०१७ मध्यें प्राणवायुरहित वातावरणांत देवदाराच्या जातीच्या लांकडावर लेसरचा किरण फिरवून त्याच्याच पृष्ठभागाचें ग्राफीन, म्हणजे वीज वाहणारा कार्बन, केलें गेलें. तेथें नलिका बाहेरून आणाव्याच लागल्या नाहींत.